फिनाईलबाईंचे दोन पेशंट

कोर्टाची लांबलचक भिंत संपली तिथे वन्सं थांबल्या. पर्समधून रुमालात गुंडाळलेली बाटली काढली, उजेडाकडे धरून डोळे बारीक करून पाहिली आणि पुन्हा गुंडाळून ठेवली. घरून निघाल्यापासून हे असंच चाललं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, दोन म्हाताऱ्या तपासणीचा नमुना घेऊन निघाल्यात आणि लॅब काही सापडत नाही.

“काही दिसलं का?” मी विचारलं.

“दिसायला हवं ना काही! काचेसारखं आहे पाणी. यात दोष काढून दाखव म्हणावं त्या मासेवाल्याला.”

“बसने आलो असतो तर एव्हाना त्याने काढूनही दाखवला असता.”

“बसच्या दांडीला सकाळपासून किती जणांचे हात लागलेत, याचा विचार केलायस कधी?”

नव्हता केला. मी आपली दांडी धरते आणि पडले नाही म्हणून देवाचं नाव घेते. वन्संचं वैर एकट्या बसशी नाही. लिफ्टचं बटण, बँकेतलं दोरीने बांधलेलं पेन, दवाखान्यातली मासिकं, दुकानदाराने बोट ओलं करून सुटी केलेली पिशवी, सगळ्यांशी आहे. त्यामुळे त्या जिथे जातात तिथे चालत जातात. मी पडले त्यांच्या धाकट्या भावाची बायको, त्यामुळे मीही चालते.

बाटलीत त्यांच्या घरातल्या काचेच्या टाकीचं पाणी होतं. टाकीत दोन जनावरं होती आणि दोन्ही आजारी होती. ती बरी झाली नाहीत तर वन्संची नात त्यांच्याकडे राहायला येणार नव्हती. एवढी साधी गोष्ट. पण वन्संच्या घरात साधी गोष्ट साधी राहत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

वन्सं एका मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या. वॉर्डातल्या पोरी पाठीमागे त्यांना फिनाईलबाई म्हणायच्या. वन्संना ते ठाऊक होतं, आणि निरोपाला मिळालेल्या भिंतीवरच्या घड्याळापेक्षा ही पदवी त्यांना जास्त प्यारी होती. त्यांच्या वॉर्डातले पेशंट लवकर बरे होत, असं त्या सांगतात. मला वाटतं, लवकर घरी जात. दोन्हींत फरक आहे. रोज सकाळी कॉट उचलून खालची फरशी घासायची म्हटल्यावर, कॉटवरचा माणूस निम्मा बरा असला तरी ‘मला आता छान वाटतंय’ म्हणणारच. तरी एक मान्य करते. साथीच्या दिवसांत बाकीचे वॉर्ड हवालदिल झाले होते तेव्हा वन्संच्या वॉर्डात साथ शिरली नाही. डॉक्टरांनी त्यांचं नाव घेऊन कौतुक केलं. वाईट एवढंच झालं की ते कौतुक वन्सं घरी घेऊन आल्या.

त्यांचे यजमान फार सोशिक. सोफा नुकताच पुसलाय म्हणून गॅलरीत, गॅलरी नुकतीच धुतलीय म्हणून जिन्यात, असे उभ्याउभ्याच पेपर वाचायचे. ते गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले हृदय गेलं. मी मनात म्हटलं, पाय आधी गेले असतील.

देवाचीही सुटका नव्हती. त्यांच्याकडे एक छोटी पितळी मूर्ती आहे. सासूबाईंनी दिली तेव्हा तिला नाक, डोळे, ओठ, सगळं जागच्या जागी होतं. वन्संनी घासून घासून आधी नाक सपाट केलं, मग डोळे. आता तिथे हात जोडायचे तर कोणाला जोडतोय ते विचारून घ्यावं लागतं. पण चकाकते अशी की आपलाच चेहरा दिसतो. मी मात्र गेले की हात जोडते. वन्संचं मन राखायला देवाने स्वतःचं नाक दिलं, तिथे मी कोण बोलणारी?

मुलगा आणि सून मात्र देव नव्हते. नात रांगायला लागेपर्यंत त्यांनी काढलं. पुढे बाळ रांगायचं आणि मागून आजी फडकं घेऊन रांगायची. सून म्हणाली, “आई, जरा मळू दे ना तिला.” वन्सं म्हणाल्या, “मळायला तिला आयुष्य पडलंय.” त्यानंतर मुलाला एकाएकी ऑफिस लांब पडायला लागलं. नव्या घरापासून ते आणखी लांब पडत होतं, पण त्यावर कोणी काही बोललं नाही.

तेव्हापासून वन्सं एकट्या. घर असं लखलखीत की बोललं तर आवाज घुमतो. सणासमारंभाला मुलगा येई, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून आत बसे आणि चहा संपायच्या आत कप आईच्या हातात देई, म्हणजे तिचा जीव टांगणीला लागू नये. नात मोठी झाली, कॉलेजात गेली. तीच एक आजीला हसू शकायची. म्हणायची, “आजी, तुझ्या घरात मला मीच डाग वाटते.” वन्सं हसायच्या नाहीत, पण त्या दिवशी ती उठून गेल्यावर खुर्ची पुसायला जरा उशीर करायच्या. वन्संच्या मायेचं माप हेच.

या नातीने ॲक्सोलॉटल पाळले होते. मीही हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. वीतभर लांबीचं, चार पायांचं, पाण्यातच जन्म काढणारं जनावर. मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे झुपकेदार कल्ले, पापण्या नसलेले टिकलीएवढे डोळे आणि तोंडावर कायमचं हसू. काउंटरमागचा कारकून आपल्याकडे बघत असतो पण आपल्याला पाहत नसतो, अगदी तसा चेहरा. एक गुलाबीसर पांढरा, एक काळा. नातीने त्यांना लाडाची नावं ठेवली होती. वन्सं म्हणायच्या कॉट एक आणि कॉट दोन.

नातीला शिक्षणासाठी सहा महिने परगावी जायचं होतं. तिच्या आईला फ्रिजमधल्या गांडुळांचा डबा सहन होत नव्हता. मग पोरगी आजीकडे आली. वन्संच्या मागच्या खोलीत ऊन येत नाही, फरशी गार, आणि या जनावरांना गारच पाणी लागतं. शिवाय, ती म्हणाली, “आजी, तू कधी काही विसरत नाहीस.” मग जे म्हणाली ते वन्संनी मला इतक्यांदा ऐकवलंय की मला पाठ आहे: “यांना सारखं इकडून तिकडे हलवता येत नाही गं. हे इथे रमले तर परत आल्यावर मीही इथेच राहीन. शेवटचं वर्ष आहे, कॉलेजही इथून जवळ.”

वन्संनी त्याच दिवशी तिच्यासाठी खोली रिकामी केली. अर्थात धुऊन.

टाकी लावली तेव्हा मी तिथेच होते. तो तमाशा चुकवायचा नव्हता मला. जाण्याच्या कितीतरी आधी पोरगी टाकी घेऊन आली. काच उभी केली, पाणी भरलं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारे थेंब टाकले, लपायला मातीच्या पाईपचे तुकडे ठेवले. तळाला खडे नाहीत, कारण ही येडी जनावरं खडेही गिळतात. उघडा तळ पाहून वन्सं खूश. “पुसायला सोपा,” म्हणाल्या. मग पोरीने कोपऱ्यात फिल्टर बसवला, त्यात काळा स्पंज, आणि चालू करून दिला. जनावरं अजून तिच्या घरीच. रिकाम्या टाकीत नुसतं पाणी फिरतंय. रोज येऊन ती त्यात काहीतरी चिमूटभर टाकायची आणि काचेच्या नळीत पाणी घेऊन रंग बघायची.

“पेशंट नसताना सलाईन कोणाला लावलंयस?” वन्संनी विचारलं.

“जंतू तयार होतायत, आजी.”

वन्सं खुर्चीत बसल्या. “काय होतंय?”

“जंतू. स्पंजमध्ये राहतात. ते झाल्याशिवाय जनावरं सोडायची नसतात. यांच्या शी-शूमधून पाण्यात विष होतं, ते जंतू खातात. म्हणून फिल्टर धुवायचा नाही. अगदीच तुंबला तर टाकीतल्याच पाण्यात हलका पिळायचा. नळाखाली कधीच नाही. आणि टाकीही अख्खी रिकामी करायची नाही. आठवड्याला थोडं पाणी काढायचं, थोडं घालायचं.”

“म्हणजे माझ्या घरात जंतू पाळायचे?”

“चांगले जंतू असतात ते, आजी.”

“माझ्या अख्ख्या नोकरीत मला चांगला जंतू भेटला नाही.”

“आता भेटेल. धुणार नाहीस ना? शपथ?”

“शपथ कशाला? मी मेट्रन होते. सांगितलेली ट्रीटमेंट बदलायची मला सवय नाही.”

हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले.

पोरगी गेली आणि वन्संनी वॉर्ड ताब्यात घेतला. सांगायला हवं, बाकी सगळं त्यांनी बिनचूक केलं. सकाळ-संध्याकाळ पाण्याचं तापमान. जरा चढलं की बर्फ झालेली बाटली पाण्यात तरंगत ठेवायची. खिडकीला जाड पडदा, कारण त्यांना उजेड सोसत नाही. क्लोरीनचे थेंब सिरिंजने मोजून. गांडुळं जुन्या गाळण्यात धुऊन, टिपकागदावर टिपून, इस्पितळाच्या चिमट्याने भरवायची. गांडुळांना हात असते तर जेवणाआधी तेही धुवायला लावले असते. जनावरं चिमट्यावर झडप घालायची तेव्हा वन्सं मला म्हणायच्या, “बघ, कुरकुर नाही, नखरे नाहीत. असे पेशंट मिळाले असते तर मी आणखी दहा वर्षं नोकरी केली असती.”

संध्याकाळी टाकीसमोर खुर्ची टाकून बसायच्या. गप्पही मारायच्या, मी आले की थांबायच्या. एकदा दारातून ऐकलं मी. कॉट दोनला सांगत होत्या, नात आली की टेबल खिडकीशी हलवायचं का भिंतीशी ठेवायचं.

आणि मग एके दिवशी मी काहीतरी परत द्यायला म्हणून गेले, तर मागच्या गॅलरीत कपड्यांच्या तारेवर, उशीच्या अभ्र्यांच्या शेजारी, दोन चिमटे लावून फिल्टरचा स्पंज वाळत घातलेला. कोरा करकरीत काळा. उन्हात.

मी वन्संकडे पाहिलं. वन्संनी अभ्र्यांकडे पाहिलं.

“बुळबुळीत झाला होता,” म्हणाल्या.

“व्हायलाच हवा होता ना?”

“तुला काय कळतं त्यातलं? नुसता उकळत्या पाण्यातून काढलाय.”

आणि टाकी? टाकीही रिकामी करून, व्हिनेगरने पुसून, नवीन पाण्याने भरली होती. जनावरं तेवढा वेळ बादलीत. वॉर्डात दर आठवड्याला करायच्या तसं. ती पहिली वेळ नव्हती हे त्यांच्या हालचालींवरूनच कळत होतं. इतकी सफाई पहिल्या वेळेला येत नाही.

जनावरं मरगळली तसा वन्संचा जोर वाढला. गुलाबी खाईना, वन्संनी टाकी धुतली. काळ्याचे कल्ले पुढे वळायला लागले. वन्संनी टाकी धुतली. शेपटीचं टोक आकड्यासारखं मुडपलं. वन्संनी पाईपचे तुकडेसुद्धा उकळले. पेशंट सुधारत नाही म्हणजे स्वच्छता कमी पडतेय, एवढंच त्यांना नोकरीने शिकवलं होतं, आणि नोकरीवर त्यांचा इतका विश्वास, की माझा देवावर नसेल.

मग नातीचा व्हिडिओ कॉल आला. मी भाजी निवडत बाजूला बसले होते. वन्संनी फोन टाकीसमोर धरला.

“आजी, याचे कल्ले असे पुढे का? झुपके झडलेत! फिल्टरला हात लावलास?”

“छे.”

“अख्खं पाणी बदललंस?”

“काहीतरीच काय!”

पोरगी स्क्रीनजवळ आली. मग म्हणाली, “पाणी तपासून आण, आजी, उद्याच. पुलापलीकडच्या शोभेच्या मासेवाल्याकडे. आणि तुला झेपत नसेल तर तसं सांग. माझ्या मैत्रिणीकडे टाकी आहे, तिकडे हलवू दोघांना. पुढच्या महिन्यात मी येतेच आहे. मग मीही तिकडेच राहीन, तिच्याबरोबर. तू वाईट वाटून घेऊ नकोस.”

“वाईट कसलं,” वन्सं म्हणाल्या. फोन ठेवला, आणि फोन पुसला.

तर म्हणून आम्ही चालत होतो.

मासेवाल्याचं दुकान टायरवाला आणि बेकरी यांच्या मधल्या बोळात. आत पंपांची घरघर आणि शेवाळाचा वास. टाक्या हिरव्यागार, आतला मासा बघायला काचेवर बोटाने भोक पाडावं लागेल अशा. वन्सं दुकानाच्या बरोबर मध्यभागी, कुठेही काही लागणार नाही अशा जागी, हात छातीशी घेऊन उभ्या राहिल्या. मासेवाला पोट सुटलेला, बडबड्या, स्वतःच्या अकलेवर बेहद्द खूश. एका टाकीतून मगाने पाणी उपसून दुसरीत ओतत होता आणि बाजूच्या फळीवर तसलाच मग होता, त्यात त्याचा चहा. कोणता कोणता हे त्यालाच माहीत, किंवा त्यालाही नाही.

“द्या इकडे बाटली! मी नुसता वास घेऊन सांगतो, टेस्ट आपली तुमच्या समाधानासाठी.” खरंच हुंगली त्याने. मग नळीत थोडं पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं. “पिवळं राहिलं तर छान, हिरवं झालं तर बोंब.”

पाणी हिरवं झालं. त्याच्या टाक्यांपेक्षाही हिरवं.

“अमोनिया!” तो आनंदाने म्हणाला. “सोप्या भाषेत सांगू का आजी? मुतारी. तुमच्या टाकीची मुतारी झालीय.”

वन्संच्या घराला आजवर कोणी काय काय म्हटलं असेल, पण हे नव्हतं म्हटलं. त्यांचा चेहरा भिंतीसारखा झाला.

“पाणी काचेसारखं स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या.

“म्हणूनच तर! नुसतं दिसतंय. स्पंज धुता का?”

“नाही.”

पोट वर करून तरंगणाऱ्या एका माशाकडे मी लक्ष दिलं.

“मग घरातलं दुसरं कोणी धुतंय.”

“मी एकटी असते.”

“मग भूत धुवत असेल,” मासेवाला म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की मगातलं हिंदकळलं. “बाटलीत जंतू मिळतात, देऊ? नवा माल आहे.”

“पैसे देऊन जंतू घ्यायचे?”

“मग हा घ्या, फुकट.” त्याने जवळच्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि फिल्टरमधून स्पंजचा एक तुकडा उपटून काढला. तपकिरी, बुळबुळीत, ओघळणारा. वन्सं एक पाऊल मागे सरल्या. मागे टाकी होती, म्हणून अर्ध्यावर थांबल्या. “हा तुमच्या स्पंजशेजारी ठेवायचा. यात जंतूंचं अख्खं गाव वसलंय. ओलाच न्या, वाळला की मेले. धुतला की मेले. उकळला की...” त्याने वन्संकडे पाहिलं. मासेवाला मूर्ख नव्हता. “रोज तिसरा हिस्सा पाणी बदला, गार आणि थेंब टाकलेलं. बाकी कशालाही हात लावायचा नाही. स्पंज घाण होऊ दे. कल्ले परत येतील. ती जनावरं चिवट असतात, माणसांसारखी नाहीत.”

पिशवीत थोडं टाकीचं पाणी, त्यात तो तुकडा. पिशवी माझ्या हातात येणार हे गृहीत धरून मी हात पुढे केला. पण वन्संनीच ती घेतली. दोन बोटांच्या चिमटीत, हात अंगापासून लांब, जणू वॉर्डातून काहीतरी बाहेर न्यायचंय.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. बेकरीचा वास संपला, पूल आला, पूल गेला. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. चालायला बरं पडतं.

“त्याने चहा कुठल्या मगातून प्यायला, पाहिलंस?” अखेर म्हणाल्या.

“पाहिलं.”

“आणि त्याची जनावरं जिवंत कशी?”

“त्याला विचारायचं होतं.”

“तूही त्याच्याच पार्टीची.”

कोर्टाच्या भिंतीला लागून एक सार्वजनिक नळ आहे, चिरेबंदी ओट्याचा. तिथे वन्सं थांबल्या. मला वाटलं, पाणी प्यायचं असेल. मग आठवलं की सार्वजनिक नळाचं पाणी वन्सं पिणार नाहीत. तोवर त्यांनी पिशवीची गाठ सोडलीसुद्धा होती.

“वन्सं.”

“वरचा चिखल तेवढा. नुसता विसळते. आतल्याला धक्का लागत नाही.”

नळ सुरू झाला. त्यांचा हात पिशवीत गेला. बसच्या दांडीला न लागणारा हात त्या चिखलात गेला. मी हात पुढे केला, त्यांचा हात धरायला नाही, नळ धरायला. आणि घट्ट पिळून बंद केला.

“धुवा,” मी म्हटलं. “मग इथूनच फोन करा नातीला. मैत्रिणीकडची टाकी चांगली असेल. बाई घाणेरडी असली म्हणजे झालं.”

मला वाटलं, आता भडकतील. त्या भडकल्या नाहीत. तो तपकिरी गोळा धरलेला स्वतःचा हात त्या बघत राहिल्या, जणू दुसऱ्याच कोणाचा आहे आणि त्याला ड्यूटीवरून काढून टाकायला हवं. मग तो हळूच पिशवीतल्या पाण्यात सोडला, गाठ बांधली. हात ओलाच राहिला. रुमाल पर्समध्ये होता, काढला नाही.

“मला कळतं गं,” म्हणाल्या. “पोरीने सांगितलं तेव्हाच कळलं होतं. मी काय अडाणी आहे? पहिल्या आठवड्यात सात दिवस काढले मी. झोपले तरी मला तो स्पंज दिसायचा. आत काहीतरी साचतंय आणि मी नुसती पडून आहे. कळतं सगळं. हात ऐकत नाही.”

एवढं लांबलचक बोलणं, ज्यात चूक त्यांची स्वतःची होती, मी वन्संच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. टोमणा तोंडात तयार होता. गिळला. माझ्या दृष्टीने तेवढी पूजा पुरे झाली त्या दिवशीची.

“तिची आईही असंच म्हणायची,” त्या म्हणाल्या. “मळू दे जरा म्हणून. मी ऐकलं नाही. मग सगळीच गेली.” पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. “आता ही पोरगीही मैत्रिणीकडे जायची. तिच्यासाठी मी खोली केलीय.”

“माहीत आहे.”

“टेबल भिंतीशी लावलंय.”

“बरं केलंत.”

नळाच्या ओट्यावर एक कबुतर येऊन बसलं. वन्संनी त्याला हाकललं नाही, पण बघून घेतलं.

मग घसा साफ केला, आणि राउंडच्या वेळी ज्युनियर नर्सला सांगत असतील त्या आवाजात म्हणाल्या, “हे बघ. आजपासून ती येईपर्यंत तू माझ्याकडे राहायला ये. माझ्या भावाचं जेवण तो करून घेईल, त्याला हात आहेत. मागच्या खोलीची किल्ली तुझ्याजवळ ठेव. पाणी तू बदल, गांडुळं तू घाल. मी किल्ली मागितली तर देऊ नकोस. रडले, भांडले, तुझं खानदान काढलं तरी देऊ नकोस.”

“मी? वन्सं, मला त्यातलं काय कळतं?”

“काही कळायला नकोच आहे,” वन्सं म्हणाल्या. “समोर घाण दिसत असूनही ढिम्म बसून राहणारी माझ्या ओळखीत तू एकटीच आहेस. येशील ना?”